धरण काढताना विचारायचे कोणाला?

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा लागते. बपेऱ्यापलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा सुरू होतो. एका अंगाला सातपुड्याच्या उतरत आलेल्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मधे नजर पोचेल तिथपर्यंत धानाच्या बांध्या. जुलै उजाडला, पऱ्हे रोवणीला आले आणि नेमकी तेव्हाच पावसाने दडी मारली की या पट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येते : चांदपूर.

चांदपूरचा तलाव ब्रिटिश अमदानीतला, शंभरी ओलांडलेला. टेकड्यांचे पाणी मातीच्या पाळीने अडवलेले, डावा आणि उजवा असे दोन कालवे, त्यांच्या टोकाला सिहोरा परिसरातली धानाची शेती. पण हा तलाव आता नुसत्या स्वतःच्या पाणलोटावर भागवू शकत नाही. पावसाळ्यात सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेचे पंप बावनथडी नदीचे पाणी उचलतात आणि चांदपुरात आणून टाकतात. बावनथडी तरी पूर्ण मोकळी कुठे आहे? वरच्या अंगाला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या भागीदारीतले राजीव सागर धरण तिला अडवून बसले आहे. म्हणजे एका बांधीत पोचणारे पाणी तीन वेगवेगळ्या काळांतल्या तीन कामांवर अवलंबून आहे : शतकापूर्वीचा तलाव, विजेवर चालणारे पंप आणि दोन राज्यांनी करार करून बांधलेले धरण. पंपाची वीज तुटली तर तलाव अर्धा राहतो. वरच्या धरणाने पाणी रोखले तर पंपाला नदीच मिळत नाही.

जुनी धरणे काढून नद्या मोकळ्या कराव्यात, हा विचार गेल्या पंचवीस वर्षांत जगभर मूळ धरू लागला आहे आणि तो ऐकून नदीवर जीव असलेल्या कोणालाही आनंद व्हावा. मलाही होतो. पण तोच विचार सिहोऱ्यात आणून उभा केला की पहिल्याच पावलाला अडखळतो. कोणते धरण काढायचे? एकाला हात लावला की दुसऱ्याचा तोल जातो. म्हणून आधी जिथे धरणे खरोखर काढली तिथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे, आणि मग आपल्या नदीकडे वळले पाहिजे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, ऑरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतून क्लॅमथ नदी वाहते. तिच्यावरची चार धरणे २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत काढून टाकली गेली. त्यांतले सर्वांत जुने १९१८ मधले, म्हणजे आपल्या चांदपूरच्याच पिढीतले. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारे सॅमन मासे हा तिथल्या युरोक, कारुक या आदिवासी समाजांच्या अन्नाचा आणि धर्माचा आधार. २००२ च्या सप्टेंबरात नदीतले पाणी कमी झाले, तापले, आणि हजारो सॅमन काठावर मरून पडले. त्यानंतर जवळपास वीस वर्षे त्या समाजांनी धरणांच्या मालक कंपनीशी, शेतकऱ्यांशी, सरकारांशी बोलणी केली, मोर्चे काढले, कोर्टात झुंज दिली. शेवटचे धरण निघाल्यावर काही आठवड्यांतच सॅमन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर ऑरेगॉनपर्यंत पोचले. शंभर वर्षे बंद असलेली वाट माशांनी इतक्या लवकर शोधली, हे वाचून माझे डोळे भरून आले होते.

हे शक्य का झाले, हेही बघायला हवे. क्लॅमथवरची ती चार धरणे वीज तयार करत होती. त्यांतून एकाही शेताला पाणी जात नव्हते. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची १९१३ आणि १९२७ मधली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली, तीही विजेचीच. जपानमध्ये कुमा नदीवरचे १९५५ मधले आरासे धरण २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने काढले, तेही विजेचे. वीज दुसरीकडून आणता येते. रोवणीच्या आठवड्यात धानाला लागणारे पाणी दुसरीकडून आणता येत नाही. परदेशातल्या यशोगाथा आपल्याकडे सांगताना हा फरक बहुतेक वेळा गाळला जातो. तो गाळून सांगितलेली गोष्ट सिहोऱ्याच्या शेतकऱ्याला पटणार नाही, आणि पटूही नये.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणाला तीस ते पन्नास वर्षांचा परवाना मिळतो. तो संपला की मालकाला पुन्हा अर्ज करावा लागतो. त्या वेळी माशांसाठी वाट ठेवली का, नदीकाठच्या लोकांचे काय, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मेन राज्यात केनेबेक नदीवर १८३७ मध्ये बांधलेले एडवर्ड्‌स धरण होते. १९९७ मध्ये परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगाने मालकाची इच्छा नसताना त्याचा परवाना नाकारला आणि १९९९ मध्ये ते धरण निघाले. क्लॅमथवरही नवा परवाना मिळवायचा तर माशांसाठी जिने बांधावे लागणार होते. त्या खर्चापेक्षा धरणे काढणे स्वस्त पडेल हा हिशेब निर्णायक ठरला. आपल्याकडे धरणाला अशी मुदतच नसते. एकदा बांधले की ते कायमचे. त्याचा उपयोग संपला का, हे विचारण्याची तारीख कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते.

धरण काढण्याची दुसरी बाजूही त्याच नद्यांनी दाखवली. एल्वाच्या दोन तलावांत दोन कोटी घनमीटरच्या आसपास गाळ साठला होता. तो सुटल्यावर नदीच्या मुखाशी नवा किनारा तयार झाला, शिंपले आले, खेकडे आले, पण खालच्या पाणीपुरवठ्याची यंत्रणा गाळाने तुंबली आणि ती सोडवण्यात वेळ आणि पैसा गेला. क्लॅमथवर तलाव रिकामे करताना चिखलाने पाण्यातला प्राणवायू घटला. नदीत सोडलेली सॅमनची लाखो पिल्ले धरणाच्या बोगद्यातून जाताना दाबातल्या फरकाने मेली. कॉप्को तलावाच्या काठी घरे घेतलेल्या लोकांपुढचे पाणी गेले, काहींच्या विहिरी आटल्या. जपानमध्ये आरासे धरण निघाल्यावर नदीत वाळू परतली. पण २०२० च्या जुलैत कुमा नदीला भयंकर पूर आला, माणसे वाहून गेली. तिथल्या ज्या राज्यपालांनी आधी उपनदीवरच्या मोठ्या धरणाला विरोध केला होता त्यांनीच त्या वर्षी नव्या धरणाला होकार दिला. मात्र ते धरण कसे, तर तळाशी भोक ठेवलेले. एरवी नदी तशीच वाहू देणारे आणि फक्त पुराच्या वेळी पाणी थोपवणारे.

सगळ्यांत मोठा धडा हडसन नदीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातले फोर्ट एडवर्ड हे जुने धरण १९७३ मध्ये काढले. वरच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे सोडलेली पीसीबी नावाची विषारी रसायने त्या धरणामागच्या गाळात बसलेली होती. धरण निघाले आणि तो गाळ खाली पसरला. पुढे त्या नदीतले मासे खाऊ नयेत असे सांगण्याची वेळ आली आणि नदी साफ करण्याचे काम कित्येक दशके चालले. धरण काढण्याआधी गाळ तपासायचा, हा नियम जगाने त्या चुकीतून शिकला.

हा हडसनचा किस्सा भंडारा जिल्ह्याला फार जवळचा आहे. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. अकरा किलोमीटरहून लांब, तेहतीस दरवाजे. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. त्याच्या फुगवट्यात वैनगंगा येते, कन्हान येते, आणि कन्हानबरोबर नाग नदी येते. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन वाहणारी ही नाग नदी गोसीखुर्दच्या पाण्यात येऊन थांबते. पूर्वी ते पाणी वाहून जाई, पातळ होई. आता ते साचते. जलपर्णी पसरते, काठच्या गावांत पाण्याला वास येतो. २०२२ च्या जुलैत कोराडीजवळच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडले, तेव्हा औष्णिक वीज केंद्राची राखही कोलार आणि कन्हानमार्गे याच वाटेने आली. असे काय काय त्या गाळात बसत चालले आहे, याचा विचार आज करायला हवा. पन्नास वर्षांनी कोणी गोसीखुर्द काढायचे म्हटले तर वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीपर्यंत, हडसनसारखे काही घडू शकते. धरण काढण्याचा सर्वांत मोठा खर्च सुरुंगाचा नसतो, गाळाचा असतो. तो खर्च कमी करण्याची वेळ धरण नवे असतानाचीच असते, आणि त्याचे पहिले पाऊल नागपूरचे सांडपाणी नागपुरातच शुद्ध करणे हे आहे.

आता पुन्हा चांदपूरकडे. वय झाले म्हणून धरण काढावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले भंडारदरा धरण १९२६ मधले. १९६९ मध्ये त्याला गळती लागली, तेव्हा ते मजबूत केले गेले आणि ते आजही उभे आहे. मुंबई अजून तानसाचे पाणी पिते, आणि ते धरण एकोणिसाव्या शतकातले आहे. उलट चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २००० च्या सुमाराचे. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. वैनगंगेचे पाणी पुढे प्राणहितेत आणि गोदावरीत जाते, तिथे सिरोंच्याजवळ तेलंगणाने बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन २०१९ च्या जूनमध्ये झाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे खांब खचले आणि पाणी सोडून द्यावे लागले. चार वर्षांचा बंधारा पाणी धरू शकत नाही आणि शंभर वर्षांचा तलाव धान पिकवतो. वय मोजायचे ते देखभालीचे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत तर शंभर वर्षे हे काही वयच नाही. इथले मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, संख्येने सहा हजारांहून जास्त आहेत आणि त्यांतले कित्येक दोनतीनशे वर्षांपूर्वीचे. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत घातली आणि कोहळी समाजाच्या कुशल माणसांनी उतार वाचून, माती ओळखून हे तलाव घातले. पाळ मातीची, जादा पाणी जायला सलंग, शेताला पाणी सोडायला तुडूम. वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून बांधीत. या रचनेत नाला पूर्ण मरत नसे. पावसाळ्यात सलंगवरून पाणी वाहू लागले की मासे उलट दिशेने वर चढत आणि उथळ पाण्यात अंडी घालत. एवढी समजूत सिमेंटच्या भिंतीत क्वचितच दिसते.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदारी जाणे योग्यच होते. पण तलावांची मालकी सरकारकडे गेली आणि दरवर्षी उन्हाळ्यात गाव मिळून पाळीवर माती टाकत असे, गाळ काढत असे, ते काम कोणाचेच राहिले नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, आणि तलावाच्या पोटात अतिक्रमण. तलाव उथळ झाले. बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळले. हे तलाव काढायचे का? अजिबात नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या जाणकारांनी दाखवून दिले की बेशरम उपटले, तळाशी स्थानिक पाणवनस्पती लावल्या, बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजाचा मारा थांबवला, तर देशी मासे परत येतात आणि पक्षीही येतात. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ज्ञान ढिवरांकडे होते. कोणी ते विचारले नव्हते, एवढेच.

आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्याच भागात उरला आहे, तोही मोजका, तीस-चाळीस. बाघ, वैनगंगा या नद्यांच्या काठची धानशेती आणि हे जुने तलाव हेच त्याचे घर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नात स्वतःहून लक्ष घातले आहे. उद्या कोणी नदी मोकळी करण्याच्या उत्साहात तलाव आटवले तर पहिला बळी सारसाचा जाईल. माणसाने अडवलेले सगळे पाणी निसर्गाच्या विरोधात असते, हे इथे खरे नाही. दोनतीनशे वर्षांत निसर्गाने या तलावांना आपले मानले आहे.

नदीचे मात्र तसे नाही. वैनगंगेने गेल्या काही दशकांत जे गमावले ते मोठे आहे, आणि ज्यांनी ते गमावले त्यांची कोणत्याही खात्यात नोंद नाही. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूवर डांगरवाड्या लागत. ढिवर, कहार कुटुंबे वाळूत खड्डे करून, शेणखत घालून डांगर, काकडी, टरबूज पिकवत. जमिनीचा सातबारा नसलेल्या माणसाला नदीने दिलेली ती चार महिन्यांची शेती होती. फुगवट्याखाली ती वाळू बुडाली. जिथे बुडाली नाही तिथे ट्रक लावून उपसली गेली. पूरग्रस्त शेताची भरपाई असते, बुडालेल्या घराची असते. बुडालेल्या डांगरवाडीची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची? डोंगा घेऊन वाहत्या पाण्यात जाळे टाकणारा ढिवर आता धरणाच्या ठेक्यावर मासे धरतो. वाहत्या पाण्यातले मरळ, वाम, झिंगे यांची जागा ट्रकने आणलेल्या कटला-रोहूच्या बीजाने घेतली. राजीव सागरासाठी कमकासूरच्या आदिवासींना गाव सोडावे लागले. त्यांच्या जंगलाचे, नदीचे, देवाचे काय, हा प्रश्न पुनर्वसनाच्या फायलीत मावत नाही. एल्वा नदीवरचे धरण काढले तेव्हा तिथल्या क्लॅलम या आदिवासी समाजाच्या उत्पत्तीकथेतली जागा शंभर वर्षांनी पाण्याबाहेर आली. आपल्याकडे बुडालेल्या जागांची यादीसुद्धा कोणी केलेली नाही.

पुराबद्दलही एक गैरसमज आहे. धरण म्हणजे पुरापासून रक्षण, असे गावोगाव मानले जाते. २०२० च्या ऑगस्टअखेर सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले, मध्य प्रदेशातला पाऊस थांबेना, खाली गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले, आणि मधे भंडारा शहर आणि वैनगंगेकाठची गावे पाण्यात गेली. धरण पूर अडवते ते त्यात जागा रिकामी असली तर. शेतीसाठी ते भरून ठेवायचे आणि पुरासाठी रिकामे ठेवायचे, या दोन मागण्या एकाच तलावाकडे केल्या जातात. म्हणून धरण काढल्याने पूर वाढेल की कमी होईल, याला एका वाक्यात उत्तर नाही. ज्या धरणात पुरासाठी जागा राखलेलीच नाही, ते काढल्याने पुरापासूनचे संरक्षण फारसे जात नाही. ज्यात ती आहे, तिथे काढण्याआधी शंभर वेळा विचार करावा.

मग या पट्ट्यात काढण्यासारखे काही आहे का? आहे. ते कोणाच्या नजरेत भरत नाही इतके लहान आहे.

पूर्व विदर्भाच्या नाल्यानाल्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे बांधले गेले. या बंधाऱ्याची मूळ कल्पना मला फार आवडते, कारण तो दरवर्षी काढायचा बंधारा आहे. पावसाळ्यात लोखंडी पाट्या काढून ठेवायच्या, पाणी आणि गाळ जाऊ द्यायचा. पाऊस सरता पाट्या बसवायच्या आणि मागचे पाणी रब्बीला वापरायचे. जपानी अभियंते तळाशी भोक ठेवून जे साधू पाहतात तेच आपण वर्षातून दोनदा हातांनी साधत होतो. पण पाट्या काढायला आणि बसवायला माणसे लागतात, रबर लागते, गोदाम लागते. पाट्या गंजल्या, चोरीला गेल्या, भंगारात विकल्या गेल्या. राहिले ते नुसते खांब आणि खालचा सिमेंटचा ओटा. असा बंधारा पाणी अडवत नाही. पुरात वाहून आलेली झाडे मात्र खांबांत अडकतात, पाणी बाजूला वळते आणि कोणाचे तरी शेत कापत जाते. ओट्याच्या खाली पाणी कोसळून खड्डा पडतो, आणि ओटा हातभर उंच उरतो. पहिल्या पावसात चढणीला निघालेल्या लहान माशाला तो हातभराचा ओटाही डोंगर होतो.

माझे म्हणणे असे आहे की धरणे काढण्याची सुरुवात इथून व्हावी. युरोपात धरणमुक्तीची जी चळवळ उभी राहिली आहे तिने २०२३ या एका वर्षात ४८७ अडथळे काढल्याची नोंद केली. त्यांतले बहुतेक दोन मीटरहूनही कमी उंचीचे, मोडकळीला आलेले, मालक विसरून गेलेले होते. मोठी धरणे बातम्यांत येतात, नद्या प्रत्यक्षात मोकळ्या होतात त्या अशा लहान कामांतून. आपल्याकडे केंद्र सरकारची जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. देशभरात २४ लाखांहून अधिक साठे मोजले गेले, आणि त्यांतले सोळा टक्क्यांहून जास्त वापरात नाहीत, असे त्यात आढळले. महाराष्ट्र जलसंधारणाच्या कामांत देशात पुढे आहे. बांधण्यात पुढे असलेल्या राज्याने निकामी कामे उचलण्यातही पुढे असावे. बंधारा बांधायला निधी मिळतो, दुरुस्तीला कमी मिळतो, काढायला तर लेखाशीर्षच नाही. म्हणून मोडका बंधारा पात्रात तसाच राहतो आणि शंभर मीटरवर नवा बांधला जातो.

काढायचा तरी कसा, यातही शहाणपण लागते. जानेवारी ते मे हा काळ बरा, पात्रात पाणी कमी असते. आधी मागचा गाळ पाहायचा. शेतीच्या नाल्यातला गाळ बहुधा चांगला असतो. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी असाच गाळ शेतात वाहून नेतात, तोच मार्ग इथे वापरता येईल. जवळच्या विहिरींची पातळी आधी दोन उन्हाळे मोजायची, कारण मोडका बंधाराही कधीकधी थोडे पाणी मुरवत असतो आणि ते एखाद्या कुटुंबाच्या पिण्याचे असते. एका वेळी सगळे न काढता एक मोरी आधी मोकळी करायची, एक पावसाळा पाहायचा, काठ कुठे कापला जातो ते बघायचे आणि मग पुढे जायचे. दुरुस्त होण्यासारखा बंधारा असेल आणि शेतकऱ्यांचा गट पाट्यांची जबाबदारी घ्यायला तयार असेल, तर काढूच नये. नव्या पाट्या द्याव्यात.

मोठ्या धरणांचे काय, हा प्रश्न तरीही उरतोच. २०२३ च्या मार्चमध्ये संसदेच्या जलसंपदाविषयक स्थायी समितीने अहवाल दिला. देशात शंभर वर्षांहून जुनी २३४ मोठी धरणे चालू आहेत, आजवर त्यांतले एकही निवृत्त केलेले नाही, आणि धरणाचे उपयुक्त आयुष्य ठरवण्याची यंत्रणाच नाही, हे त्यातून पुढे आले. समितीने तशी यंत्रणा उभारा असे सुचवले. केरळ आणि तमिळनाडू १८९५ च्या मुल्लपेरियार धरणावरून किती वर्षे भांडत आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्रणा नसली की निर्णय कोर्टात जातो आणि धरणाखाली राहणारी माणसे प्रत्येक पावसाळ्यात जागी राहतात. ३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा लागू झाला. पंधरा मीटरहून उंच प्रत्येक धरणाचे स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडून सर्वंकष मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत व्हावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे २०२६ संपण्याआधी. महाराष्ट्रात देशातली सर्वाधिक मोठी धरणे आहेत, तेव्हा हे काम सर्वांत मोठे इथेच आहे.

पण हा कायदा भिंत फुटेल का, एवढेच विचारतो. ती भिंत हवी का, हे विचारत नाही. पाणी किती साठते आणि प्रत्यक्ष किती शेताला पोचते, गाळाने किती जागा खाल्ली, गाळात काय आहे, नदीत किमान किती पाणी सोडले जाते, वर-खाली मासे जातात का, डांगरवाड्या होत्या तिथे आता काय आहे, पुनर्वसन पुरे झाले का, याची उत्तरे त्या मूल्यमापनात बसत नाहीत. ती बसवावी लागतील. दर तीस वर्षांनी एकदा, काठच्या गावांच्या ग्रामसभांत आणि मासेमारांच्या संस्थांसमोर. धरण बांधताना ढिवराला विचारले नाही, ते काढतानाही विचारले नाही तर फक्त अन्यायाची दिशा बदलेल. कटला-रोहूच्या ठेक्यावर आता ज्यांची चूल पेटते अशी कुटुंबेही आहेत. त्यांना वाहती नदी परत हवी आहे की तलाव, हे आपण दिवाळी अंकात बसून ठरवू शकत नाही.

सिहोऱ्यापुरते बोलायचे तर माझे मत स्पष्ट आहे. चांदपूर जपावे, त्याच्या पाळीची आणि कालव्यांची देखभाल पैशाच्या टंचाईवर सोडू नये. सोंड्याटोल्याचे पंप रोवणीच्या तोंडावर विजेच्या थकबाकीत अडकू नयेत, अशी तरतूद अंदाजपत्रकातच असावी. राजीव सागरातून बावनथडीला बारमाही किमान प्रवाह मिळावा, आणि त्याचा आकडा दोन्ही राज्यांच्या करारात लिहिलेला असावा. तो प्रवाह आला तर खालच्या पंपालाही नदी मिळेल आणि पात्रालाही. पात्रातली वाळू उपसताना धरणाखालच्या भागाला वेगळा नियम लावावा, कारण वरून नवी वाळू येण्याची वाट धरणानेच बंद केली आहे. आणि तालुक्यातल्या प्रत्येक नाल्यावरचा पाट्या नसलेला बंधारा मोजावा.

ही मोजणी करायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात शाळेतली मोठी मुले, एक जुना पाटकरी आणि एक ढिवर बरोबर घेऊन नाल्याच्या मुखापासून उगमापर्यंत चालत जावे. कुठे खांब उभे आहेत, कुठला काठ कापला जातो, कुठल्या ओट्याशी मासे अडतात, कुठली विहीर कोणाची, हे लिहून ठरावासोबत जिल्हा परिषदेला पाठवावे. काढायच्या बंधाऱ्यांची पहिली यादी अशीच तयार होईल.